जमिनीवरून दिसणारं विमान : खान्देश पोस्टर प्रकल्पाच्या नोंदी

४ नोव्हेंबर, जळगाव

कामाला आज सुरुवात केली. जुन्या विमान कंपन्यांची प्रवासाची पोस्टरं नीट अभ्यासायची आणि त्याच घडणीत खान्देशाची काही पोस्टरं स्क्रीन प्रिंटिंगने छापायची, एवढं ठरलं आहे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. पुतणी मुंबईत उपयोजित कला शिकते, ती रेखाटनं आणि अक्षरं बघणार. छपाई काकांकडे. काकांनी आयुष्यभर लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या आणि केळीच्या बॉक्सवरची नावं छापली. रंग कागदावर कसा बसतो हे त्यांच्याइतकं आमच्यापैकी कुणालाच कळत नाही.

हे काम का, ते आधी लिहून ठेवतो. साधारण १९३० ते १९७० या काळात कुठला प्रदेश कसा दिसतो, हे लाखो लोकांनी या पोस्टरांवरून ठरवलं. हवाई बेटं म्हणजे फुलांचा हार घातलेली बाई आणि नारळाचं झाड. इजिप्त म्हणजे पिरॅमिड आणि उंट. भारत म्हणजे हत्ती, फेटा, घुमट. खान्देश या चित्रांत कुठेच नाही. आपल्याकडून रेल्वेने लाखो लोक गेले, पण ते खिडकीतून बघत पुढे गेले. म्हणजे आपलं चित्र अजून कुणी पक्कं केलेलं नाही. ते आपण काढावं असं मला फार मनापासून वाटतं.

७ नोव्हेंबर

आधी घडण समजून घेतो आहे. टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीची पोस्टरं २५ बाय ४० इंचांची, एअर फ्रान्सची ६२ बाय १०० सेंटिमीटरची. ती लागायची तिकीट कचेऱ्यांच्या काचेत, प्रवासी एजंटांच्या भिंतीवर. समोरून जाणारा माणूस चालता चालता बघणार. म्हणून चित्र एकच, नाव एकच, शब्द अगदी थोडे. शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड किंवा पत्रा लागतो, त्यामुळे रंग मोजके आणि सपाट. डोंगर म्हणजे जांभळ्याचा एक तुकडा, समुद्र म्हणजे निळ्याचे दोन.

हे मुद्दाम लिहितो, कारण पुतणीचं पहिलं मत असं होतं की या पोस्टरांनी प्रदेश सोपे केले म्हणून ती खोटी. माझं तसं नाही. सोपं करणं हा पोस्टरचा धर्मच आहे. जे ठेवायचं ते कुणी निवडलं आणि कुठे उभं राहून निवडलं, भांडण त्या जागी आहे.

चित्रकार डेव्हिड क्लाइनचं न्यूयॉर्कचं पोस्टर आज बराच वेळ समोर ठेवलं होतं. टीडब्ल्यूएसाठी त्याने १९५६च्या सुमारास काढलं आणि १९५७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतलं. टाइम्स स्क्वेअरचे दिवे म्हणजे नुसते तिरपे रंगीत तुकडे, एकमेकांवर चढलेले. डोळा कुठे थांबवावा कळत नाही, आणि त्या चौकात उभं राहिलं की तसंच होत असणार. तिथे पोशाख घालून पाहुण्याची वाट बघत कुणी उभं नाही. क्लाइन त्याच शहरात राहणारा. आपल्या गावाचं चित्र काढताना त्याने गावाचा वेग काढला. ही गोष्ट मला पुढच्या सगळ्या कामाची किल्ली वाटते.

११ नोव्हेंबर

दूरच्या प्रदेशांची पोस्टरं. एअर फ्रान्ससाठी ल्युसियाँ बूशे याने काढलेले जगाचे नकाशे पाहिले. प्रत्येक खंडावर तिथले प्राणी, माणसं, इमारती दागिन्यांसारख्या मांडलेल्या आणि त्यावरून विमानमार्गांच्या रेघा. बघत राहावं असं काम आहे, यात शंका नाही. बर्नार व्हीयमो याने त्याच कंपनीसाठी उत्तर आफ्रिका रंगवली. ते ऊन, त्या सावल्या, रंगाची ती बेफिकिरी शिकण्यासारखी आहे. पण ती चित्रं छापली गेली तेव्हा अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता. १९५४ साली तिथे लढा पेटला, स्वातंत्र्य १९६२ला मिळालं. पोस्टरातल्या उन्हात त्याची सावलीही पडत नाही. ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजची लंडन ते कराची सेवा १९२९ला सुरू झाली, तीही साम्राज्याची टपाल आणि अधिकारी नेण्यासाठीच.

बरीच पोस्टरं शेजारी शेजारी लावल्यावर एक गोष्ट दिसली आणि मग ती दिसायची थांबेना. या चित्रांत गाव, देऊळ, माणूस, जनावर कुणालाच तारीख नाही. शंभर वर्षांपूर्वीचं म्हणा, हजार वर्षांपूर्वीचं म्हणा, चालून जातं. तारीख फक्त विमानाला आहे. लॉकहीड कॉन्स्टेलेशन या विमानाची तीन शेपट्यांची आकृती दिसली की साल सांगता येतं. खालच्या उंटवाल्याचं साल सांगता येत नाही. त्याच्या अंगणात विजेचा खांब नाही, सायकल नाही, शाळेची पाटी नाही. काळ पुढे नेणारी वस्तू फक्त आकाशातून येते आणि ती पाहुण्याची असते.

म्हणून आमच्यासाठी दोन नियम ठरवले. प्रत्येक पोस्टरात जमिनीवर आजच्या काळाची एक तरी वस्तू, तीही चित्राच्या मध्यावर. आणि विमान दाखवायचंच असेल तर ते शेतातून, फलाटावरून वर बघितल्यावर जेवढं दिसतं तेवढंच.

१२ नोव्हेंबर

एअर इंडियाच्या जाहिरातींतला महाराजा. १९४६ साली कंपनीतले बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेतले चित्रकार उमेश राव यांनी तो घडवला. कूका सांगत की त्याला दुसरं नाव सुचलं नाही म्हणून महाराजा म्हटलं, तो राजघराण्यातला नाही. मला यात धीट गोष्ट ही वाटते की तो बाहेर जातो. ज्या देशात विमान जाईल तिथला वेश करून तो तिथल्या सवयींत शिरतो. पोस्टरात एरवी आपण बघितले जाणारे, इथे आपला माणूस बघणारा. पुतणीचा आक्षेप असा की बघणारा झाला तरी फेटा आणि मिशा त्यांच्याच कल्पनेतल्या. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहून ठेवलं.

एक जोड सापडली. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, हे सगळ्यांना माहीत असतं. १९३७ साली टाटांनी मुंबई ते दिल्ली सेवा सुरू केली, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेत. नकाशावर मुंबई ते इंदूर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती शिंदखेडा-शिरपूरच्या आसपास तापी ओलांडते. त्या काळी कापूस वेचणाऱ्या कुणी तरी मान वर करून ते विमान पाहिलं असेल. आमच्या पोस्टरांतलं विमान याच मापाचं ठेवायचं.

१८ नोव्हेंबर, फर्दापूर

अजिंठ्याचा प्रश्न लवकर सोडवायला हवा होता, म्हणून नेरी-पहूरमार्गे जाऊन आलो. जगाला या बाजूचं जे एकमेव चित्र माहीत आहे ते अजिंठ्याचं, आणि अजिंठा खान्देशात नाही. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला, लेणी मात्र निजामाच्या मुलखात राहिली. १८१९ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोचला, तेव्हापासूनची कथा सगळ्या माहितीपुस्तकांत आहे. १९८३ला जागतिक वारसा झाला. गाडीतून पाहुणे उतरतात जळगावला, आणि तिथून साठेक किलोमीटर जातात. जळगाव त्यांच्यासाठी उतरण्याची जागा.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पर्यटनाच्या जाहिरातींत इतका येऊन गेला आहे की तो पुन्हा घेण्यात अर्थ नाही. शिवाय तो आपला म्हणून मिरवायचा तर सीमारेषेचं काय, हा वाद लगेच येणार. दृश्यबिंदूवर उभं राहून खाली बघितलं आणि पोस्टर तिथेच मिळालं. ज्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेणी कोरली आहेत ते वळण वाघूर नदीचं. तीच वाघूर पुढे आपल्या जिल्ह्यात उतरते, तिच्यावर धरण आहे, त्याचं पाणी जळगाव शहराला मिळतं, आणि उरलेली नदी तापीला जाते. लेणी कोणत्या जिल्ह्यात हा प्रश्न नदीला पडत नाही.

पोस्टरचं नाव ‘वाघूर’. वर दगडाचं वळण आणि लेण्यांच्या काळ्या चौकटी, मधून नदी, खाली धरणाची भिंत, आणि अगदी पुढे गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. काळ्या प्लास्टिकच्या. पुतणीने तिथेच बसून कच्चं रेखाटन केलं.

२३ नोव्हेंबर, चाळीसगाव

छायाचित्रकार केकी मूस यांचं घर-संग्रहालय. हे काम हाती घेऊन इथे न येणं बरोबर नव्हतं. मूस १९१२चे, मुंबईत जन्मलेले. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये त्यांनी व्यावसायिक चित्रकलेचं शिक्षण घेतलं. तिकडच्या भिंतींवर रेल्वे, जहाज आणि विमान कंपन्यांची उत्तम पोस्टरं लागत होती तो हा काळ. परत आले ते चाळीसगावला, स्टेशनजवळच्या बंगल्यात, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षं, १९८९ला जाईपर्यंत, जवळपास घराबाहेर पडलेच नाहीत.

त्यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहताना मी प्रत्येकासमोर थांबत होतो. घरातल्या वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रकाश टाकायचा, आणि कॅमेऱ्यात एखादा अख्खा देखावा उभा करायचा. इथे एक प्रश्न मनात आला तो लिहितो. खोलीत बसून देखावा रचणं आणि खोलीत बसून प्रदेश रचणं, यात फरक कोणता? मला वाटतं मूस यांचा देखावा कुणाचा पत्ता सांगत नाही. ते मनातलं ठिकाण आहे. पोस्टर मात्र खाली नाव छापतं. नाव छापलं की त्या नावाची माणसं येऊन जाब विचारू शकतात, आणि त्यांनी तो विचारावा. आमची कच्ची चित्रं छापण्याआधी ज्या गावाची आहेत तिथे दाखवायची, हे परतीच्या गाडीत ठरलं.

३० नोव्हेंबर, आसोद्याजवळचं शेत

भरिताचा बेत होता, पाहुणे बरेच होते, म्हणून कच्ची चित्रं बरोबर नेली. बामणोदची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली जात होती, बडगीत ठेचायला दोघं बसले होते, आणि बाजेवर आमची पोस्टरं मांडलेली.

सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती केळीच्या चित्रावर. रावेर-सावद्याच्या पट्ट्याचं ते. मागे सातपुड्याची निळी भिंत, पुढे केळीची हिरवी बाग, वर आकाश, दोन रंगांची पानं. देखणं झालं होतं. अमळनेरकडून आलेल्या आत्याने ते हातात धरलं, जरा लांब नेलं, आणि विचारलं, “इतलं मोठं आभाय, आनि मानूस कोठे शे?”

मग एकेक बोलू लागलं. बाग म्हणजे फक्त झाडं नव्हेत. लावणी आली, ठिबक आलं, बाग निसवण्याची, म्हणजे घड बाहेर पडण्याची, वाट बघणं आलं, आणि कापणीच्या दिवशी एकामागोमाग घड वाहून नेणारी माणसं आली. ती रांग नाही तर केळी नाही. यावर फैजपूरचे मामा म्हणाले, “हे बघा गुरुजी, घड डोक्यावर घेतलेला माणूस काढाल, तर बाहेरचे म्हणतील गरिबी दाखवली. आणि तुम्ही त्याला नटवून काढाल, तर तो त्या उंटवाल्यासारखा होईल.” मामांना मी जुनी पोस्टरं आधी दाखवली होती, आणि त्यांनी नेमकी तीच गाठ पकडली.

खूप वेळ यावर बोलणं झालं. श्रम दाखवणं म्हणजे आपोआप खरं दाखवणं, असं होत नाही. जुन्या पोस्टरांतही पाण्याचा घडा घेतलेल्या बायका आहेतच. पण त्या घड्याला वजन नाही. मान सरळ, चेहरा आपल्याकडे, पाऊल नाचाचं. घड वाहणाऱ्याची मान वेगळी असते, तो खाली बघतो, कारण वाफ्यात पाय कुठे पडतो याकडे त्याचं सगळं लक्ष असतं. मामांनी उठून चालून दाखवलं. पुतणीने मोबाइलवर ते टिपून घेतलं.

मग चित्र बदललं. सातपुडा वरच्या पट्टीत, आकाश जेमतेम. तीन माणसं घड घेऊन चाललेली, कुणीही आपल्याकडे बघत नाही. त्यांच्या पायांमधून ठिबकच्या काळ्या नळ्या सरळ रेघांनी पुढे येतात. या नळ्या चित्राला खोली देतात, आणि तारीखही देतात. हिरवा एकच ठेवला. आत्याला पुन्हा दाखवलं तर म्हणाली, “हाई शे.” तेवढंच, आणि भरीत वाढायला गेली.

९ डिसेंबर, सारंगखेडा

तापीकाठी दत्ताची यात्रा, घोडेबाजार. घोडा हा पोस्टरवाल्यांचा आवडता प्राणी, म्हणून इथे जपून. मोरपिसं, गोंडे, पांढरे घोडे मागच्या पायांवर उभे, हे सगळं आहेच आणि ते डोळ्यांत भरतं. आम्ही घोडा पिकअप गाडीत चढवतानाचा क्षण घेतला. दोघं मागून ढकलतात, एक जण पुढून लगाम धरून गोड बोलतो, आणि घोडा एक पाय फळीवर ठेवून विचार करतो. सौदा झाला की घर बदलतं, आणि ते सगळ्यांत आधी घोड्याला कळतं. मागे बंधाऱ्याची दारं.

२१ डिसेंबर, धडगाव

सातपुड्याच्या पोस्टराचं मी मुद्दाम पुढे ढकलत होतो. काठी गावची राजवाडी होळी आता खूप छायाचित्रकार टिपतात. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, अंगावर पांढरी नक्षी. कुठल्याही विमान कंपनीने डोळे मिटून निवडावं असं हे दृश्य आहे, आणि मला भीती त्याचीच होती.

इथल्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या भिल्ल समाजातल्या मित्राशी दुपारभर बोललो. त्याचं म्हणणं शांतपणे मांडलेलं आणि पक्कं होतं. “सर, टोप सगळ्यांना दिसतो. त्याच्याआधी पालनी पाळावी लागते, किती तरी गोष्टी सोडाव्या लागतात, ते दिसत नाही. आमचा नाच पाहुण्यांसाठी नाही. तो नवस आहे.” चित्र काढू नका असं तो म्हणाला नाही. कुणाच्या बाजूने काढता ते बघा, म्हणाला.

म्हणून नाचणारा माणूस घ्यायचा नाही. होळीचा उंच बांबू आणि पहाट, कारण ती होळी पहाटे पेटते. डोंगराच्या सोंडांवरून वळणावळणाने येणारे मोटारसायकलींचे दिवे, एकेका गाडीवर तिघं. सगळे एका ठिकाणाकडे निघालेले, आणि पोस्टर बघणाराही त्यांच्या मागच्याच गाडीवर. मित्राने यात एक भर घातली: वस्तीतल्या घरावर छोटं सोलर पॅनेल. ते घेतलं.

४ जानेवारी

रंग ठरवले. अमेरिकेत १९३८ ते १९४१ या काळात सरकारी रोजगार योजनेतून राष्ट्रीय उद्यानांची पोस्टरं स्क्रीन प्रिंटिंगने निघाली. काकांना ती दाखवली. थोड्या शाईत खडक, धुकं, झरा कसा उभा केला आहे, हे त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि प्रत्येकात किती वेळा शाई फिरली असेल ते बोटांवर मोजून सांगितलं.

मोठा निर्णय भुसावळच्या पोस्टराबाबत झाला. जुन्या पोस्टरांत आकाश नेहमी निळं. पाहुणा चांगल्या हवेतच येतो. पण भुसावळ म्हणजे मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर. त्या आकाशाला निळा रंग नसतोच, ते पांढरं होतं आणि डोळे मिटायला लावतं. काका म्हणाले, मग आकाश छापूच नका. कागद कोरा सोडायचा. वरचा दोनतृतीयांश भाग कोरा, खाली रुळांचा पंखा, इटारसीकडची आणि नागपूरकडची लाइन फुटताना, विजेच्या तारांची बारीक जाळी, आणि फलाटाच्या सावलीच्या एका पट्टीत दाटीने बसलेली सगळी माणसं. त्या कोऱ्या पांढऱ्यात एक विमान, ज्वारीच्या दाण्याएवढं. या मालिकेत विमान फक्त इथेच येतं.

काळ्या मातीच्या पोस्टरासाठी उलट. तिथे काळा रंग दोनदा द्यायचा. कापसाचं बोंड कागदाच्या पांढऱ्याचं.

११ जानेवारी

अक्षरं. तयार फाँट नको, पुतणी हाताने काढते आहे. जुन्या पोस्टरांत नाव तळाशी ठोकळ्यासारखं बसतं. देवनागरीत शिरोरेघ असल्याने नाव आपोआप एका आडव्या रेघेला लटकतं, म्हणून आम्ही ती रेघ चित्रातल्या एखाद्या रेघेतून काढली. ‘भुसावळ’ची शिरोरेघ म्हणजे फलाटाची कड. ‘वाघूर’ची म्हणजे धरणाची भिंत. ‘सारंगखेडा’ लांब पडतं, तिथे ती पिकअपच्या फाळक्यावर आली. नावाखाली घोषवाक्य नाही. “या, बघा” असं काही लिहायचं नाही, यावर सगळ्यांचं एकमत.

२५ जानेवारी

छपाई चालू. २० बाय ३० इंच, ३०० जीएसएमचा कागद. उन्हाळ्यात शाई जाळीतच सुकते, म्हणून हे काम थंडीत उरकायचं हा काकांचा आग्रह होता आणि तो योग्य ठरला. स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, ओढताना ते श्वास रोखतात. रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवणं, जुळवायला सगळ्यांत अवघड ठिबकच्या नळ्या, कारण हिरव्यातून काळी रेघ केसभर सरकली तरी कळतं. काकांनी हिरवा जरा आत घेऊन काळ्याला चढवायला जागा ठेवली. मग सगळे कागद सारखे आले.

८ फेब्रुवारी, सावदा

छापल्यावरही पोस्टरं गावोगाव दाखवून यायचं ठरलं होतं, तसा आज केळीचा कागद घेऊन आलो. भरणीच्या ठिकाणी बॉक्सांच्या थप्पीला टेकवून ठेवलं. घड वाहणाऱ्यांपैकी एकाने जवळ येऊन पहिल्या माणसाच्या खांद्यावरचं फडकं पाहिलं आणि ते असं गुंडाळलं तर घसरतं, म्हणून स्वतःचं सोडून पुन्हा गुंडाळून दाखवलं. पुतणीने दोन्ही बाजूंनी रेखाटून घेतलं. पुढच्या छपाईच्या फिल्ममध्ये तेवढी जागा बदलायची, काकांना रात्री फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, तिघांचंही बदलायचं का पहिल्याचंच. तिघांचंही.

धडगावचा कागद मित्राकडे गेला आहे. तो होळीनंतर, गावात दाखवून कळवणार. तोपर्यंत सातपुड्याच्या जास्तीच्या प्रती काढायच्या नाहीत.